नव्वद डॉलर आणि पाच पोरे

दरवर्षी दिवाळीत आमच्या घरून फराळाचा एक डबा गावातल्या अनाथाश्रमात जातो. वडिलांनी पाडलेली ही चाल मी आजवर मोडलेली नाही. डबा कचेरीत द्यायचा, वहीत सही करायची, व्यवस्थापकांनी आग्रहाने दिलेला चहा घ्यायचा आणि काहीतरी सत्कृत्य केल्याच्या समाधानात घरी परतायचे. गेल्या खेपेस धाकट्या मुलीने विचारले, "बाबा, ती मुलं झोपतात कुठे?" मला सांगता येईना. इतक्या वर्षांत कचेरीपलीकडचे दार मी कधी ओलांडलेच नव्हते!

तिच्या त्या प्रश्नाने मला एका आयरिश पाद्र्याची आठवण झाली. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

एडवर्ड फ्लॅनगन हे त्याचे नाव. १८८६ साली आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यात, बॅलिमो गावानजीक त्याचा जन्म झाला. घरात अकरा भावंडे. गुरामेंढरांमागे रानात हिंडण्यात बालपण गेले. प्रकृती तोळामासा, फुफ्फुसे अधू. १९०४ साली तो अमेरिकेला गेला. दुखण्यामुळे शिक्षण मध्येच खुंटले, पुन्हा सुरू झाले आणि अखेर १९१२ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. नेमणूक झाली ती अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात.

ओमाहा शहरात फादर फ्लॅनगन यांनी प्रथम आश्रय उघडला तो मुलांसाठी नव्हे, तर बेकार, निराधार पुरुषांसाठी. सुगी बुडाल्यामुळे कामाला मुकलेले मजूर तेथे येत, तसेच दारुडे आणि भटकेही येत. फादर त्यांच्याजवळ बसून एकेकाची कर्मकथा ऐकत. ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आले की, कथा निरनिराळ्या असल्या तरी त्यांचा पहिला अध्याय बहुधा एकच आहे : आईबाप गेलेले, नाहीतर घर मोडलेले, आणि पोर रस्त्यावर. मडके भाजल्यावर त्याला आकार देता येत नाही, हे आपल्या कुंभाराला ठाऊक असलेले सत्य त्यांना त्या आश्रयात उमगले.

१२ डिसेंबर १९१७ रोजी त्यांनी एक जुने घर भाड्याने घेतले. भाड्याचे नव्वद डॉलर उसने आणले होते. ते कोणी दिले, हे त्यांनी अखेरपर्यंत सांगितले नाही. पाच मुलांनी घर सुरू झाले. न्यायालयापुढे उभी राहणारी पोरे फादर न्यायाधीशांकडे मागून घेऊ लागले. दोन आठवड्यांनी नाताळ आला, तोपर्यंत पोरांचा आकडा पंचविसाच्या घरात गेला होता. सणाच्या जेवणाला काय? तर कोणीतरी देणगी दिलेले, आंबवलेल्या कोबीचे एक पिंप! आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पानात नुसते लोणचे वाढावे, तसाच तो प्रकार.

१९२१ साली हा संसार ओमाहापासून दहा मैलांवरच्या शेतावर हलला. तेच पुढे 'बॉईज टाऊन' झाले. तेथे कुंपण घातले नाही. गोरा-काळा, कॅथलिक-प्रॉटेस्टंट-ज्यू हा भेद पंगतीत ठेवला नाही. त्या काळच्या अमेरिकेत हे धाडसच होते. १९२६ पासून मुले आपला नगराध्यक्ष आपणच निवडू लागली. १९३६ साली त्या वसाहतीला रीतसर गावाचा दर्जा मिळाला. मूल मुळात वाईट नसते, वाईट असते ती परिस्थिती, शिकवण आणि समोरचे उदाहरण, असे फादर सांगत.

१९३८ साली त्यांच्यावर बोलपट निघाला. फादरच्या भूमिकेबद्दल स्पेन्सर ट्रेसीला ऑस्कर मिळाले. पण गंमत अशी की, पडद्यावरचे ते नीटनेटके गाव पाहून लोकांना वाटले, यांचे आता उत्तम चालले आहे, आणि देणग्या आटल्या!

येथवरची कथा सुखान्त आहे. खरी कसोटी पुढेच लागली.

१९४६ साली फादर मायदेशी गेले. मोठे स्वागत झाले. आयर्लंडमध्ये तेव्हा 'उद्योगशाळा' नावाच्या संस्था होत्या. अनाथ, गरीब, न्यायालयाने धाडलेली मुले तेथे ठेवीत. बऱ्याच शाळा चालवीत ते फादरच्याच धर्मसंस्थेतील लोक. तेथल्या मारझोडीच्या हकीकती त्यांच्या कानी आल्या. आपल्याच घरातले उणे बाहेर काढणे कोणाला सोपे असते? पण कॉर्क शहरातल्या भरसभेत या पाद्र्याने श्रोत्यांनाच धारेवर धरले. तुमच्या मुलांना असल्या शिक्षाघरांत घालू देता ते तुम्हीच, आणि हे थांबवू शकाल तेही तुम्हीच, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता.

ते अमेरिकेला परतल्यावर आयरिश न्यायमंत्री जेराल्ड बोलँड यांनी संसदेत त्यांची विधाने अतिरंजित ठरवून झटकून टाकली. फादरनी लढा सोडला नव्हता. पण महायुद्धाने पोरक्या केलेल्या मुलांच्या कामासाठी युरोपात हिंडत असता, १५ मे १९४८ रोजी बर्लिनमध्ये हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. उद्योगशाळांची दारे बंदच राहिली. १९९९ साली आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संस्थांत छळल्या गेलेल्यांची जाहीर माफी मागितली. २००९ साली चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि मुलांवरील अत्याचार त्या शाळांतून सर्रास चालत होते, हे त्यात नमूद झाले. म्हणजे फादर खरे ठरले, पण त्रेसष्ट वर्षांनी. तोवर पिढ्यानपिढ्यांची बालपणे गेली ती गेलीच.

आणि खुद्द बॉईज टाऊन? तेही या नियमाला अपवाद नाही. फादरच्या मागे चोवीस वर्षांनी, १९७२ साली, ओमाहातल्या एका छोट्या साप्ताहिकाने दाखवून दिले की, गरीब पोरांच्या नावाने पत्रे धाडून पैसा मागणाऱ्या या संस्थेजवळ वीस कोटी डॉलरांहून अधिक संपत्ती साठली आहे. त्या शोधाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण संस्थेने त्यातून धडा घेतला. त्याच दशकात मोठाल्या सामायिक शयनगृहांऐवजी छोटी घरे आली, प्रत्येक घरात एक जोडपे आणि मोजकी मुले. पुढे मुलींनाही प्रवेश मिळाला. नव्वद डॉलरांच्या घरात जे होते, तेच कोट्यवधींच्या संस्थेला पुन्हा शोधावे लागले!

मला वाटते, संस्था स्थापणारा थोर असतोच. पण त्याच्या थोरवीवर संस्था एखादी पिढीच निर्मळ राहते. पुढे तिला बाहेरच्यांचे डोळे लागतात. आपण डबा देतो, देणगी देतो. डोळे मात्र कचेरीच्या उंबरठ्यावर ठेवून येतो. आमच्या गावच्या आश्रमात काही वावगे आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. म्हणता येत नाही ते एवढ्याचसाठी, की मी पाहिलेच नाही.

यंदा डबा घेऊन जाताना मुलीला बरोबर नेणार आहे. चहा मागाहून घेऊ, असे व्यवस्थापकांना सांगेन. मुले झोपतात कुठे, ते आधी पाहायचे आहे.