जुना सर्व्हर बंद करण्याआधी

खंडाळ्याच्या घाटातले जुने रिव्हर्सिंग स्टेशन आपल्यापैकी बऱ्याच जणांना ऐकून ठाऊक असेल. १८६३ पासून तिथे गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने निघे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि मगच ते बंद झाले. ऑफिसातला जुना डोमेन कंट्रोलर बंद करतानाही क्रम हाच.

हा म्हणजे संगणकांचा हजेरीमास्तर. शेतकी विभागातला कारकून सकाळी नाव नि पासवर्ड टाकतो, तेव्हा माणूस आपलाच का आणि त्याने कोणते दफ्तर उघडावे, हे तो ठरवतो. विंडोज सर्व्हर २०१२ ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती कंपनीने १० ऑक्टोबर २०२३ नंतर थांबवली, म्हणून तसली यंत्रे बदलणे भागच आहे. पण वायर उपटली की झाले, असे नव्हे!

ग्रामसेवकाची बदली झाली तरी चार्ज दिल्याशिवाय तो जात नाही. तसेच इथे. आधी नवे यंत्र कंट्रोलर म्हणून उभे करायचे, दोघांच्या नोंदी जुळतात का ते पाहायचे. पाच खास जबाबदाऱ्या असतात; त्यातल्या जुन्याकडे असतील तेवढ्या नव्याला द्यायच्या. घड्याळाची वेळही त्यातल्याच एकीवर चालते.

खरा घात होतो तो डीएनएसमध्ये. नावावरून पत्ता सांगणारी ही सेवा बहुधा त्याच यंत्रावर असते आणि वजनकाट्याच्या, ऊसबिलाच्या संगणकांत जुन्याचा पत्ता कुणीतरी हाताने घालून ठेवलेला असतो. तो आधी बदलावा. मग जुने यंत्र दोन-चार दिवस नुसते बंद ठेवावे. कोण ओरडते ते कळते. पुन्हा चालू करून रीतसर पायउतार करावे. सहा महिने विसरून मग जोडाल, तर पुसलेली नावे हराळीसारखी परत उगवतात. यंत्र जळालेच, तर त्याचे नाव नव्याच्या यादीतून हाताने काढावे लागते.

गळीत चालू असताना याला हात लावू नये. काट्यावर ट्रॅक्टरांची रांग आणि संगणक विचारतोय ‘तुम्ही कोण?’, तर ऊस उन्हात वाळतो, वजन आपलेच घटते. हंगाम संपल्यावर, पण मावळात पावसाने लाइट जायला लागण्याआधी उरकावे.

जुनी डिस्क भंगारात देऊ नये. सगळ्यांच्या पासवर्डच्या खुणा तिच्यात असतात. आधी नीट पुसून घ्यावी, नाहीतर फोडून टाकावी.