लायन्स रेंजवरचा बाजार का उठला?

कलकत्ता शेअर बाजाराची स्थापना १९०८ची असली, तरी तिथले सौदे त्याहून कितीतरी जुने. लायन्स रेंज या रस्त्याजवळच्या एका कडुनिंबाखाली दलाल जमत आणि रोख्यांचे भाव तोंडी ठरत. पुढे चहा, कोळसा आणि ताग हे बंगालचे तिन्ही धंदे शेअरच्या रूपाने या बाजारात आले. पहिल्या महायुद्धात वाळूच्या पोत्यांसाठी तागाला मागणी आली आणि ताग गिरण्यांचे शेअर भडकले. १९२८ मध्ये लायन्स रेंजवर बाजाराची स्वतःची वास्तू उभी राहिली. १९८० मध्ये केंद्र सरकारची कायम मान्यताही मिळाली.

राष्ट्रीय शेअर बाजाराने प्रादेशिक बाजार गिळले, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९९४ नंतर मुंबईतल्या या बाजाराचे सौदे गावोगावी संगणकाच्या पडद्यावर दिसू लागले, पण कलकत्त्यानेही १९९७ मध्ये आरडाओरड्याचा व्यवहार बंद करून संगणक आणला होता. घात झाला तो बदल्यात.

बदला म्हणजे उधारीवरचा सौदा. शंभर रुपयांचा शेअर घ्यायचा, पैसे सावकाराने भरायचे, शेअर त्याच्याकडे तारण ठेवायचा आणि व्याज देत सौदा पुढच्या हिशेबाच्या मुदतीवर ढकलायचा. भाव चढता असेतो सगळेच खूश. तो साठवर आला की चाळीस रुपयांची खोट कोणी भरायची? कलकत्त्यात यातला मोठा हिस्सा अधिकृत वहीबाहेर, निव्वळ शब्दावर चाले. मुंबईचा दलाल केतन पारेख याच्या आवडत्या शेअरांचे ओझे तिथल्या मोजक्या दलालांनी असेच पेलले होते. फेब्रुवारी २००१च्या अर्थसंकल्पानंतर भाव कोसळले आणि मार्चमध्ये हे दलाल पैसे भरू शकले नाहीत. खड्डा सुमारे १२० कोटींचा होता. दलालांकडून वेळेवर अनामत वसूल करायची जबाबदारी ज्या संचालक मंडळावर, त्यातच दलालांचे वजन होते. असल्या रचनेत सामान्य गुंतवणूकदाराचा वाली कोण असणार? खरा दोष इथे आहे.

त्यानंतर विश्वास परतला नाही. कंपनीने जवळच्या प्रादेशिक बाजारात नोंदणी केलीच पाहिजे, हे बंधनही गेले आणि शेवटचा आधार तुटला. २०१२ मध्ये शेअर बाजारांची नियामक संस्था सेबीने वर्षाला एक हजार कोटींच्या उलाढालीची अट घातली आणि प्रादेशिक बाजार मिटू लागले. पुण्याचा १९८२ मध्ये सुरू झालेला बाजार २०१५ मध्ये बंद झाला. कलकत्त्यातले सौदे एप्रिल २०१३ मध्येच थांबले होते. पुढची बारा वर्षे कोर्टकचेरीत गेली. एप्रिल २०२५ मध्ये भागधारकांनी बाजार बंद करायला मंजुरी दिली आणि ऑक्टोबरातली काली पूजा लायन्स रेंजवरची बहुधा अखेरची ठरली.

बाजाराची दलाली करणारी उपकंपनी तेवढी चालू राहणार आहे, मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांची सदस्य म्हणून.