टाकीतला पेट्रोल पंप: बदलण्याआधी आणि बदलताना

आमची गाडी २००९ सालची सँट्रो आहे. मालेगावहून भिवंडी-मुंबईला कापडाचे नमुने न्यायचे, ऑर्डर घ्यायची आणि रात्री परत यायचे, एवढेच तिचे काम. २०२४ साली तिला पंधरा वर्षे भरली तेव्हा रीतसर नोंदणी वाढवून घेतली. इंजिन खणखणीत होते, मग मोडीत का काढावी?

त्याच वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, कसारा घाट चढताना ती बंद पडली. टाकीत पेट्रोल काट्याप्रमाणे पाव होते. सेल्फ फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हते. अर्धा तास थांबलो, चालू झाली. दोन वळणे चढली आणि पुन्हा बंद. मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने गाडी पाहिली, खाली वाकला, टाकीच्या बुडाला लाकडी ठोकळ्याने तीन-चार हलके ठोके दिले आणि म्हणाला, "आता मारा सेल्फ." गाडी लगेच चालू झाली. "पंप गेला आहे, घरी पोहोचेपर्यंत बंद करू नका," एवढे सांगून तो निघून गेला.

याआधी दोन महिन्यांत आमच्या गावातल्या दोन गॅरेजांत आम्ही याच तक्रारीपायी प्लग बदलले होते, कॉइल बदलली होती, इंजेक्टर साफ करून घेतले होते. तिन्ही बिले भरली. दोष होता टाकीच्या आत, आणि आत पाहण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते. म्हणून हा लेख. आमचे कित्येक व्यापारी बंधू जुनी गाडी वापरतात आणि आमच्यातले कित्येक तरुण गॅरेजचे काम करतात. दोघांच्याही उपयोगाचे आहे.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत पंप इंजिनच्या अंगावर असे. इंजिनच्याच फिरण्याने त्यातला पडदा खालीवर होई आणि पेट्रोल ओढले जाई. दाब जेमतेम पाव किलो. तो पंप रस्त्याच्या कडेला अर्ध्या तासात बदलता येत असे. १ एप्रिल २००० पासून देशभर धुराचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंजेक्टरच्या गाड्या आल्या. इंजेक्टरला तीन-साडेतीन किलोच्या आसपास दाब लागतो. एवढ्या दाबासाठी विजेच्या मोटरचा पंप आला, आणि तो टाकीत बुडवून बसवला. पेट्रोल या मोटरच्या आतून वाहते. तेच तिला थंड ठेवते आणि तेच तिचे वंगण. ओढण्यापेक्षा ढकलणे सोपे, त्यामुळे उन्हाळ्यात नळीत वाफ धरून गाडी बंद पडण्याचा जुना त्रासही बराच कमी झाला.

विजेची मोटर पेट्रोलात बुडालेली, मग आग कशी लागत नाही, असे आम्ही उस्तादांना विचारले. ते म्हणाले, जळायला हवा लागते. मोटर आतून पेट्रोलने भरलेली असते आणि बंद टाकीतली वाफ इतकी दाट असते की पेट घ्यायला पुरेशी हवा तिला मिळत नाही. वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळली की मग ठिणगीला निमित्त पुरते. टाकी उघडली की नेमके हेच मिश्रण तयार होऊ लागते. आणि म्हणूनच भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त घातक. पुढचे सगळे वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आधी निदान. सेल्फ न मारता किल्ली ऑनवर फिरवली की बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली दोन-तीन सेकंद घूं असा आवाज येतो. एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने मागे कान द्यावा. आवाज आला नाही म्हणजे पंपच मेला असे समजून बाजारात धावू नये. पहिले फ्यूज पाहावे. मग रिले, पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो, तो काढून येथे लावून पाहावा. वीस रुपयांचा फ्यूज किंवा दीडशेचा रिले बदलून गाडी चालू झाली तर हजारो वाचले. त्यानंतर पंपाच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावून करंट येतो का ते पाहावे, अर्थात टाकी न उघडता. वायर घासून ठिणगी पाहण्याची आपल्याकडची सवय येथे अजिबात चालणार नाही. अर्थिंगची वायर गंजलेली असते, उंदराने कुरतडलेली असते, तीही तपासावी. करंट पोहोचतो, अर्थ चांगला आहे आणि तरी मोटर गप्प, तेव्हाच पंप दोषी.

पंप वाजतो पण चढावर गाडी पिकअप घेत नाही, असे असेल तर प्रेशर गेज लावल्याशिवाय निर्णय करू नये. फिल्टर किंवा पंपाच्या तोंडाची जाळी तुंबली असली तरी हीच लक्षणे दिसतात. ठोकल्यावर चालू होणारा पंप म्हणजे आतले कार्बन ब्रश झिजले आहेत. ठोकणे हे घरी पोहोचण्यापुरते. तो इलाज नव्हे, आणि लोखंडाने तर कधीच ठोकू नये.

आता काम. सँट्रोमध्ये मागचे सीट उचलले की खाली स्क्रूने बसवलेले झाकण मिळते, त्याखाली पंप. काही गाड्यांत असे झाकण नसते, तेथे टाकी खाली उतरवावी लागते. मजुरी विचारताना हे आधी समजून घ्यावे. टाकीत पेट्रोल पावाच्या खाली असावे. इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढला की नळीतला दाब संपून ते आपोआप बंद पडते. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी.

जागा मोकळी हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचते. आमच्या गाडीचा पंप पहिल्यांदा काढायला घेतला तेव्हा रिंग सैल झालेली, शागीर्द सीटवर ओणवा झालेला आणि दहा फुटांवर शेजारच्या दुकानात वेल्डिंग सुरू! उस्ताद चहा टाकून धावत आले, आधी वेल्डिंग बंद करवले, गाडी ढकलत पटांगणात नेली आणि मग त्या पोराला जे बोलले ते येथे छापण्यासारखे नाही. आम्ही मात्र तेथेच बसलो होतो आणि आम्हालाही काही सुचले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

एक गोष्ट आम्ही कापडवाले म्हणून सांगतो. पॉलिएस्टर आणि नायलॉन अंगावर घासले की त्यात वीज साठते. हिवाळ्यात स्वेटर काढताना जी चटचट होते तीच. हे काम सुती कपड्यांत करावे आणि झाकण उघडण्याआधी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्यावा. पुसायला मऊ सुती कपडा घ्यावा, पण धागे सोडणारी चिंधी किंवा कॉटन वेस्ट नको. त्याचे तंतू टाकीत पडले की नव्या पंपाची जाळी महिन्याभरात तुंबते.

झाकणाखाली वर्षानुवर्षांची धूळ असते. ती आधी साफ करावी, नाहीतर सगळी टाकीत जाते. नळ्या सोडताना खाली कपडा धरावा, थोडे पेट्रोल सांडतेच. पंप कोणत्या दिशेला बसला आहे त्याची खडूने खूण करावी. रिंग अडकली तर लाकडाचा तुकडा लावून हळूहळू फिरवावी, छन्नी-हातोडा नको. पंप सरळ उपटू नये, तिरपा करून काढावा, कारण बाजूला फ्लोटची तार असते. ती वाकली की पेट्रोलचा काटा कायमचा खोटे बोलतो. पंप निघाला की टाकीच्या तोंडावर लगेच कपडा झाकावा.

नुसती मोटर बदलावी की पूर्ण असेंब्ली? दोन्हींच्या किमतीत दुपटी-तिपटीचा फरक पडतो. प्लास्टिक तडकलेले नसेल आणि काटा बरोबर दाखवत असेल तर चांगल्या कंपनीची मोटर पुरते, असे आमचे मत. पण जाळी आणि रबरी ओ-रिंग नवीच घालावी. जुनी रिंग फुगलेली असते, पुन्हा नीट बसत नाही. आतली छोटी नळी पेट्रोलात बुडून राहील अशा प्रतीचीच घ्यावी. बाहेर लावायची साधी पेट्रोल नळी आत काही महिन्यांत मऊ पडून सुटते आणि मग नवा पंप असूनही दाब मिळत नाही. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा पक्के बिल घेण्यात पूर्वीइतका भार नाही. बिल घ्यावे, जुना पंपही मागून घ्यावा. बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे, आणि बिल नसेल तर तक्रार कोणाकडे करणार?

पंप लवकर का जातात? पहिले कारण आमचेच, नेहमी रिझर्व्हवर गाडी चालवणे. पेट्रोल कमी असले की पंप उघडा पडतो, तापतो, आणि बुडाचा गाळ जाळीकडे ओढला जातो. पाव टाकी नेहमी राखावी. दुसरे, २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या टाकीतला साचलेला मळ सोडवते आणि जुन्या गाड्यांच्या रबराला त्रास देते. उभ्या राहणाऱ्या गाडीत हे लवकर जाणवते, म्हणून जुनी गाडी महिनोन्‌महिने तशीच उभी ठेवू नये.

सगळे बसवल्यावर सीट लगेच लावू नये. बॅटरी जोडून किल्ली चार-पाच वेळा चालू-बंद करावी, म्हणजे दाब भरतो; नळ्यांच्या जोडांवर ओल दिसते का पाहावे, मगच सेल्फ मारावा. झाकणाच्या रिंगची गळती मात्र पेट्रोल कमी असताना कळत नाही. पहिल्यांदा टाकी पूर्ण भराल त्या दिवशी घरी येऊन सीट पुन्हा उचला आणि रिंगभोवती बोट फिरवा. बोटाला पेट्रोल लागले तर गाडी तशीच मोकळ्या जागी उभी ठेवून मिस्त्रीला तेथेच बोलवा.