कमरेचा मणका सरकतो तेव्हा

शेतात दिवसभर वाकून खुरपणारी स्त्री असो, बाजारपेठेत पोती वाहणारा हमाल असो, वा कचेरीत बसून काम करणारा कर्मचारी असो. कंबरदुखी केव्हा ना केव्हा बहुतेकांच्या वाट्याला येते. अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत बरी होतात. परंतु वाकून उठताना कंबर एकाएकी निसटल्यासारखी वाटत असेल आणि हे वारंवार होत असेल, तर मणक्यांच्या अस्थिरतेची शंका येते.

कमरेत पाच मणके असतात. त्यांमधील चकत्या, अस्थिबंध व मागील बाजूचे लहान सांधे त्यांना जागच्या जागी धरून ठेवतात. वयोमानानुसार ही बंधने झिजली, की वरचा मणका खालच्यावरून सरकू लागतो. झिजेमुळे होणारा हा दोष चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या दरम्यान सर्वाधिक आढळतो.

एम.आर.आय. तपासणीत चकत्या व मज्जातंतू स्पष्ट दिसतात. मात्र त्या वेळी रुग्ण सामान्यतः उताणा झोपलेला असतो. शरीराचा भार उतरल्याने सरकलेला मणका पुष्कळदा मूळ जागी परततो आणि दोष झाकला जातो. मागील सांध्यांत साचलेला द्रव तेवढा त्याची सूचना देतो.

अस्थिरता हा हालचालीतील दोष असल्याने तो हालचालीतच शोधावा लागतो. त्यासाठी साधी क्ष-किरण तपासणी उपयोगी पडते. रुग्णास उभे करून, एकदा पुढे व एकदा मागे वाकवून, बाजूने चित्रे घेतली जातात. स्वीडनमधील क्ष-किरणतज्ज्ञ फोल्के क्नुटसन यांनी १९४४ साली या पद्धतीचे वर्णन केले. दोन्ही चित्रांत मणक्याच्या जागेत सुमारे ४ मिलिमीटरहून अधिक, अथवा कोनात १० अंशांहून अधिक फरक आढळल्यास सामान्यतः अस्थिरता मानली जाते; तज्ज्ञांचे निकष थोडेफार भिन्न आहेत. वेदनेमुळे रुग्ण पुरेसा वाकला नाही, तर मात्र हा फरक दिसत नाही. हाडातील बारीक भेग शोधण्यास सी.टी. स्कॅन उपयुक्त असतो.

गर्भवती स्त्रियांनी क्ष-किरण तपासणीपूर्वी तशी कल्पना अवश्य द्यावी. पायातील शक्ती जाऊ लागणे, लघवी अडणे किंवा बैठकीचा भाग बधिर होणे, ही लक्षणे दिसताच विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

वेदना नसलेल्यांच्या चित्रांतही मणक्यांची झीज दिसते. म्हणूनच केवळ चित्रावरून शस्त्रक्रियेचा निर्णय होत नाही. रुग्णाची तक्रार, डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी आणि चित्र या तिहींचा मेळ बसला, तरच निदान पक्के होते.