शिंगे रंगवा, पण खुराला तेल नको!



आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात भाद्रपदी पोळा झाला की दहा-अकरा दिवसांत दसरा येतो. पोळ्याला बैल धुवायचे आणि दसऱ्याला गाड्या धुवायच्या, हा आता ठरलेला क्रम झाला आहे. खंडेनवमीला मंचर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा कुठेही जा, वॉशिंग सेंटरपुढे मोटारसायकलींची रांग लागलेली असते. गाडी धुऊन झाली की तिथला पोरगा बाटली दाखवून विचारतो, "साहेब, टायरला पॉलिश मारू का?" आणि आपण म्हणतो, "मार की, सणाचा दिवस आहे!"

मीही एकदा असेच म्हणालो होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मातीचे नमुने घेऊन मंचरहून घोडेगावकडे निघालो. परतीच्या पावसाची सर नुकतीच पडून गेली होती. एका वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांची माती रस्त्यावर आलेली होती. गाडी थोडी कलंडवली आणि मागचे चाक भसकन सरकले. गुडघा सोलला, नमुन्यांच्या पिशव्या रस्ताभर झाल्या. मागून वाहन नव्हते म्हणून निभावले. मातीचा दोष होताच. पण त्या वळणावरून मी वर्षभर तशाच मातीतून जात होतो. नवी होती ती फक्त टायरची चकाकी.

चकाकी कशाची असते?

टायर चमकवणाऱ्या बहुतेक पॉलिशमध्ये सिलिकॉनचे तेल असते. ते रबरावर पातळ थर धरते आणि टायर काळाभोर दिसतो. पण तेल ते तेलच. चारचाकीच्या टायरची बाजू रस्त्याला टेकत नाही, त्यामुळे बाजूला लावलेले पॉलिश तिथे फारसे नडत नाही. मोटारसायकलचे तसे नाही. तिचा टायर गोलसर असतो. गाडी सरळ असते तेव्हा मधला भाग टेकतो, वळणावर कलंडली की कडेचा भाग टेकतो. म्हणजे आपण जिथे हौसेने पॉलिश चोळतो, तोच भाग वळणावर आपला जीव तोलत असतो. तो टेकतो तरी किती? जेमतेम तळहाताएवढा!

शिवाय चाक फिरले की जास्तीचे तेल उडते. ते डिस्कवर गेले तर ब्रेक नीट धरत नाही. अशा बऱ्याच बाटल्यांवर 'मोटारसायकलच्या टायरला वापरू नये' अशी सूचना असते. पण ती बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत, मग वाचतो कोण?

डिझेल आणि जळके ऑईल तर नकोच

काही जण पैसे वाचवायला घरीच डिझेल, रॉकेल किंवा जळके ऑईल फडक्याने फिरवतात. हे त्याहून वाईट. या तेलांनी रबर फुगते, मऊ पडते आणि पुढे लवकर खराब होते. कांद्याच्या पातीवर मेणचट थर असतो, म्हणून फवारणीत आपण स्टिकर टाकतो, हे आपल्याला माहीत आहे. टायरच्या रबरातही कारखान्यातच मेण घातलेले असते. गाडी चालेल तसे ते हळूहळू वर येते आणि रबराला भेगा पडू देत नाही. डिझेलने पुसले की हे संरक्षण निघून जाते. पाण्यात बनवलेले पॉलिश रबराला तितके मारक नसते, पण निसरडेपणा त्यालाही चुकत नाही.

मग करावे काय?

टायर साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने घासून स्वच्छ पाण्याने धुवावा. एवढे पुरे. चमक हवीच असेल तर ती टाकीला, मडगार्डला द्यावी. सीट, ब्रेक आणि पायाचा दांडा यांनाही पॉलिश लावू नये. गाडी धुवायला देतानाच "टायरला काही लावू नको" असे बजावून सांगावे. लावलेच असेल तर साबणाने दोनदा घासून काढावे आणि सुरुवातीचे काही किलोमीटर गाडी सावकाश चालवावी. नवा टायरही सुरुवातीला गुळगुळीत असतो, त्यालाही हाच नियम.

टायर चांगला आहे की नाही हे चमकेवरून ठरत नाही. नक्षीची खोली पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीला ती किमान ०.८ मिलिमीटर लागते. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. '२३२१' असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. हवा टायर थंड असतानाच तपासावी. जुना, भेगाळलेला टायर पॉलिश मारून नवा दिसतो, हाही एक धोकाच आहे.

गावकारभाऱ्यांना विनंती

पहाटे दुधाच्या किटल्या लावून डेअरी गाठणारा गावकरी सर्वांत आधी घसरतो, कारण वजन मागे आणि रस्ता दवाने ओला. दसऱ्यानंतर विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा गाळप हंगाम येतो, तेव्हा उसाच्या ट्रॉल्यांबरोबर शेतातली माती रस्त्यावर येणारच. ग्रामपंचायतीने फलकावर चार ओळी लिहाव्यात, गावातल्या वॉशिंग सेंटरवाल्याला समजावून सांगावे. आणि ज्याची ट्रॉली, त्याने वळणावरची माती फावड्याने ओढून टाकावी.

हळद-कुंकू लावा, झेंडूचा हार घाला, नारळ फोडा. पूजेला कोणाची ना नाही. पोळ्याला आपण बैलाची शिंगे हिंगुळाने रंगवतो, पण खुराला तेल चोळून त्याला ओढ्याच्या शेवाळलेल्या दगडावर कोणी घालत नाही. उलट खुराला पत्री ठोकतो, पाय घसरू नये म्हणून. मोटारसायकलचा टायर म्हणजे तिचा खूरच. बैलाच्या बाबतीत जे शहाणपण आपल्याला वाडवडिलांनी दिले, तेच गाडीलाही लावू या.