ग्रंथालयातील संगणक आणि वाचकाचे खाजगीपण

काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे बीज एका लहानशा ग्रंथसंग्रहात आहे. मुंबईचे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पुत्राने तो १९१७ साली दिला, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाच्या ध्यानात नसते. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या देणगीतून उभारलेल्या वास्तूत १९४१ साली हे ग्रंथालय गेले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. १९४५ मध्ये शियाळी रामामृत रंगनाथन येथे ग्रंथपाल म्हणून आले. दोन वर्षांत सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी स्वतः केले, असे सांगतात. त्याच ग्रंथालयाच्या जोडीला आता सायबर ग्रंथालय आहे. ते रात्रभर उघडे असावे, या मागणीसाठी २०१६ साली विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. ज्याच्या खोलीत स्वतःचे यंत्र नाही, त्याला सार्वजनिक संगणक किती मोलाचा वाटतो, हे त्यावरून कळते. परंतु अशा यंत्रावर केलेले वाचन वाचकाचे स्वतःचेच राहते काय?

ग्रंथांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर जुन्या देवघेवीच्या पद्धतीत आपोआप मिळत असे. आपल्या देशातील असंख्य ग्रंथालयांत चालत आलेली ब्राउन पद्धत पाहावी. ग्रंथाची एक पत्रिका असते आणि वाचकाजवळ पाकिटासारखे एक तिकीट असते. ग्रंथ नेताना पत्रिका तिकिटात घालून ती जोडी तारखेवार लावून ठेवतात. ग्रंथ परत आला की पत्रिका ग्रंथात जाते, तिकीट वाचकाच्या हाती येते, आणि कोणी काय वाचले याची खूण उरत नाही. ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकांत हा या पद्धतीचा दोष म्हणून सांगितला जातो. वाचकाच्या दृष्टीने पाहता तो तिचा सर्वांत मोठा गुण होता.

संगणकाचा स्वभाव नेमका याच्या उलट. त्याला मुद्दाम विसरावयास लावले नाही, तर तो सर्व जपून ठेवतो. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. आधारपत्राची प्रत, बँकेच्या पासबुकाचे पान, छायाचित्र, सर्व काही त्याने यंत्रावर उतरवून घेतले, अर्ज पाठविला आणि खिडकी बंद करून तो उठला. त्या प्रती यंत्रातच राहिल्या. ई-मेलच्या खात्यातून तो ‘साइन आउट’ झालाच नाही. पुढे बसणाऱ्याला ते खाते उघडे सापडेल. याहून नाजूक गोष्ट अशी की, एखादी तरुणी घरी बोलता न येणाऱ्या आजाराविषयी शोध घेते, आणि तिच्या पाठोपाठ बसलेल्याला तो शोध पहिले अक्षर टंकताच पडद्यावर दिसतो.

येथे ग्रंथपालाचे काम सुरू होते. पुन्हा सुरू करताच मूळ स्थितीवर येणारी, आधीच्या वाचकाचे सर्व पुसून टाकणारी व्यवस्था यंत्रावर बसविता येते. छपाईसाठी रांगेत अडकलेले कागदही पुसावे लागतात. याचा मात्र पुष्कळदा विसर पडतो. ‘खाजगी खिडकी’ उघडली म्हणजे आपण अदृश्य झालो, हा समजही चुकीचा आहे. ती त्या यंत्रावरील खुणा पुसते. आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे जाळे चालविणाऱ्यास आणि त्या संकेतस्थळास कळू शकतेच. ग्रंथपालाने हे वाचकाला स्पष्ट सांगावे.

तथापि शासनाचीही एक बाजू आहे, आणि ती वाराणसीला चांगलीच ठाऊक आहे. ७ डिसेंबर २०१० रोजी तेथील शीतला घाटावर स्फोट झाला. त्याची जबाबदारी घेणाऱ्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील वाशीच्या एका असुरक्षित बिनतारी जोडणीपर्यंत पोहोचला. पुढील एप्रिलमध्ये, २०११ साली, सायबर कॅफेंसाठी नियम आले: ओळखपत्र पाहावे, ये-जा करणाऱ्यांची नोंद व भेट दिलेल्या संकेतस्थळांची नोंद एक वर्ष जपावी, आडोसा साडेचार फुटांहून उंच नसावा. हे नियम व्यवसाय म्हणून चालणाऱ्या कॅफेंसाठी आहेत. विनामूल्य सेवा देणाऱ्या ग्रंथालयाने त्यांची सरसकट नक्कल करण्याचे कारण नाही. कोण केव्हा बसले याची नोंद वेगळी आणि त्याने काय वाचले याची नोंद वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमातही, हेतू संपला की माहिती पुसावी, हे तत्त्व आहे. ब्राउन पद्धतीतील तिकीट नेमके तेच करीत असे! ‘कोहा’ या ग्रंथालय-प्रणालीतही परत आलेल्या ग्रंथापासून वाचकाचे नाव तोडण्याची सोय आहे. ती चालू करणे ग्रंथपालाच्या हाती असते.

सर्वांत अवघड प्रसंग वेगळाच असतो. टंकता न येणारा वृद्ध गृहस्थ निवृत्तिवेतनाचे काम घेऊन येतो आणि आपला परवलीचा शब्द मोठ्याने सांगू लागतो. भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपीही तो ग्रंथपालापुढे धरतो. मदत नाकारणे क्रूरपणाचे ठरेल. अशा वेळी ग्रंथपालाने आवाज खाली आणावा, खुर्ची वाचकाला द्यावी, एकेक कळ बोटाने दाखवावी, परवलीचा शब्द त्याचा त्यालाच टंकू द्यावा व तेवढा वेळ मान दुसरीकडे वळवावी. काम संपल्यावर खाते बंद झाले की नाही, हे दोघांनी मिळून पाहावे. यास दहा मिनिटे अधिक लागतात, आणि मागे रांग असते.