मुधोळ कुत्र्याचं चित्र काढून घेताना

बेळगावशेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे पूर्वी घोरपड्यांचं संस्थान होतं. त्यांनी जोपासलेल्या या शिकारी कुत्र्यावर २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं. अंगावर लांब केस नाहीत, त्यामुळे बरगड्या, मांड्यांचे स्नायू, निमुळतं तोंड सगळं उघडं दिसतं. झुबकेदार पॉमेरेनियनपेक्षा हे चित्र नक्कीच अवघड.

हे चित्र ॲक्रिलिकमध्ये काढून घेणार असाल, तर हे रंग पाण्यात कालवतात, पण वाळल्यावर पाण्याने निघत नाहीत. वाळताना किंचित गडदही होतात. निपाणीच्या उन्हाळ्यात ते पॅलेटवरच सुकू लागतात, म्हणून पाण्याचा फवारा हाताशी हवा.

चित्रकाराला फोटो देताना तो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढलेला द्या.